मुन्शीचा डावा डोळा

गौलीगुडा, हैदराबाद
मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५

वंदना,

जय भीम.

तू माझा नंबर ब्लॉक केला आहेस, म्हणून हे पत्र. आबिड्सच्या पोस्टातून स्पीड पोस्टाने टाकणार आहे. घेताना सही करावी लागते, तेव्हा मिळालंच नाही असं पुढे म्हणू नकोस.

डॉक्टर आदित्यांनी मला सांगितलं, की मुन्शीची चौकशी करायला तुझे त्यांना तीन फोन आले. तुला बातमी कुणी दिली ते मी विचारत नाही. शेजारच्या रझिया आपाच्या तोंडाला झाकण नाही हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. पण कुत्रा माझ्या घरात आहे. त्याच्याबद्दल विचारायचं तर मला विचारायचं. सख्ख्या बहिणीला वगळून कुत्र्याच्या डॉक्टरला फोन करायचा, ही रीत नांदेडला जाऊन शिकलीस की आधीपासूनच होती?

जे झालं ते माझ्याकडून ऐक. गेल्या बुधवारी दुपारी मी ड्यूटी संपवून येत होते. मुन्शी रोजच्यासारखा गल्लीच्या तोंडाशी मला घ्यायला आला. मला, हे ध्यानात ठेव. कांद्याची पोती भरलेला एक ऑटो रिव्हर्समध्ये मागे येत होता. मुन्शी त्याच्यामागून माझ्याकडे धावला आणि मागचा उजवा पाय चाकाखाली गेला. हाडाचा चुरा झाला होता. गुरुवारी पाय मांडीपासून काढला. एकवीस वर्षं आयसीयूत नर्स आहे मी, असे किती पाय पाहिले. पण त्या दिवशी बाहेरच्या बाकावर बसून मला पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडता येईना.

शुक्रवारी घरी आणला. पाठीवरचे केस भादरून तिथे दुखणं थांबवायची पट्टी चिकटवलेली, वरून बँडेज. फेंटानिल. अफूच्या घराण्यातलं औषध, मॉर्फीनचं भावंड. मायला शेवटी लावत होतो तसलीच. घरी आल्यावर त्याचं तोंड वर करून डोळे पाहिले. बाहुल्या खसखशीच्या दाण्याएवढ्या झाल्या होत्या. आमच्या वॉर्डात मॉर्फीनवरच्या माणसाच्या बाहुल्या अशा झाल्या आणि श्वास मंदावला की पळापळ सुरू होते. मी श्वास मोजले, मिनिटाला अठरा. तरी डॉक्टरांना फोन लावला.

ते हसले. म्हणाले, "सिस्टर, कुत्र्यांत या औषधाने बाहुली आक्रसतेच. हाक मारली की मान उचलतो ना? मग घाबरू नका. मांजर असतं तर उलट झालं असतं, बाहुल्या बटणाएवढ्या मोठ्या."

आता तो दाराकडे तोंड करून बसतो. पापणी हलवत नाही. मी समोर जाऊन बसले तरी नजर माझ्या आरपार दाराला लागलेली. काल रझिया आपा बघून म्हणाली, "बाजी, ये तो छोटी बाजी की राह देख रा." मी तिला म्हटलं, नशेत आहे तो, नशेत कुणी कुणाची वाट बघत नसतं. तुलाही तेच सांगून ठेवते. डिसेंबरात तू त्याचा पट्टा हातात धरून दारात उभी होतीस, खाली तुझ्या अमरदीप सरांची गाडी चालू होती, आणि मी म्हटलं होतं की कुत्र्याचं लायसन्स माझ्या नावावर आहे, बसस्टँडवर तिकीट खिडकीपाशी बसलेलं ते पिल्लू उचलून मी आणलं, मुन्शी हे नाव मी ठेवलं. तू चार वर्षं माझ्याकडे राहिलीस, त्याला फिरवलंस, म्हणून तो तुझा होत नाही. आजही माझं तेच म्हणणं आहे.

डॉक्टरांनी डोळ्यांत घालायला एक जेल दिलं आहे. देताना म्हणाले, "बरं झालं वंदना मॅडमनी फोन करून आठवण दिली, याच्या डाव्या डोळ्याला त्रास आहे ना. दर चार तासांनी घाला." मी मान हलवली. मला शिकवायला आता नांदेडहून फोन येणार.

सगळी औषधं घड्याळ लावून चालू आहेत. पट्टी आज काढली. भूक बरी आहे. काळजी नसावी.

तुझी
आक्का

—

गौलीगुडा
शनिवार, १५ फेब्रुवारी

वंदना,

मुन्शीचा डावा डोळा बिघडला आहे. तू डॉक्टरांकडून ऐकशीलच, त्याआधी माझ्याकडून ऐक.

गुरुवारी सकाळी तो डोळा उघडेना. सारखं पंज्याने चोळत होता. तीन पायांवर धड उभं राहता येत नाही, तरी भिंतीला टेकून पुढचा पंजा डोळ्याला लावायचा आणि पडायचा. मला वाटलं धूळ गेली असेल. कोमट पाण्याने पुसलं. काल दुपारी पिवळट चिकट यायला लागलं, तेव्हा रिक्षाने घेऊन गेले.

डॉक्टरांनी डोळ्यात एक रंग टाकला आणि निळ्या उजेडात धरून मला दाखवलं. बुबुळावर मसुरीच्या डाळीएवढा हिरवा ठिपका चमकत होता. म्हणाले, जखम आहे. औषधाने डोळ्यातलं पाणी कमी होतं, पापण्या नीट मिटत नाहीत, झोपेत अर्ध्या उघड्या राहतात. डोळा कोरडा पडतो आणि वरचा पापुद्रा सोलतो. तो दाराकडे बिनपापणीचा बघत बसायचा ते यामुळे. तुझ्यासाठी नव्हे. हे मी मुद्दाम लिहिते आहे.

मग त्यांनी फाईल काढली. गेल्या वर्षी जून महिन्यात तू त्याला तिथे नेलं होतंस. पापणीत कागदाची पट्टी धरून अश्रू मोजले होते. उजवा सतरा मिलिमीटर, डावा नुसता नऊ. हे मला आजवर ठाऊक नव्हतं. मी कुठे होते? ड्यूटीवर असेन. घरी आल्यावर सांगायला तोंड नव्हतं का तुला? आणि फाईलवर मालकाचं नाव काय, तर वंदना. सही तुझी. मी काउंटरवरच्या मुलीला म्हटलं, हे नाव खोडा. ती म्हणाली, कॉम्प्युटरमध्ये आहे मॅडम, मला नाही खोडता येत.

तेव्हा या डोळ्याचा दोष कुणाचा, ते तूच ठरव. कुत्र्याला दुखणं आहे हे माहीत असून घरच्या माणसापासून लपवणं, याला काय म्हणतात? मला आधी माहीत असतं तर मी पहिल्या दिवसापासूनच जपलं असतं. जेल तर मी घालतच होते. डॉक्टरांनी विचारलं, "जेल रेग्युलर चालू होतं ना, सिस्टर?" मी हो म्हटलं. ते बुचकळ्यात पडले, म्हणाले मग इतकं खोल जायला नको होतं, दुसरं काही कारण आहे का बघू.

आता दर दोन तासांनी थेंब आहेत. त्याचंच रक्त काढून त्यातलं पिवळं पाणी वेगळं केलं आणि बाटलीत भरून दिलं, ते पण डोळ्यात घालायचं. डोळ्याला पंजा लागू नये म्हणून गळ्यात प्लॅस्टिकची मोठी टोपली. मी रजा टाकली आहे. चार्ट करून भिंतीला लावला आहे, प्रत्येक वेळेपुढे सही करते. हवं तर फोटो काढून पाठवला असता, पण तू नंबर ब्लॉक केला आहेस.

आक्का

—

मंगळवार, १८ फेब्रुवारी

तुझं पत्र आज आलं. दोन महिन्यांत पहिलं, आणि त्यात एक ओळ.

"आक्का, जेलची ट्यूब किती उरली आहे?"

ना खुशाली, ना जय भीम. मी एकवीस वर्षं माणसं सांभाळली. माझ्या हातून एक डोस चुकला नाही. तीन मेट्रन बदलल्या, एकीनेही माझ्या चार्टवर बोट ठेवलं नाही. आणि तू, जिला स्वतःची रक्तदाबाची गोळी मी हातावर ठेवावी लागायची, तू मला ट्यूब विचारतेस? मायच्या वेळी विचारलं होतंस का कधी, की आक्का, औषध किती उरलं? आठ महिने? तेव्हा तुझं सासर, तुझी शाळा, तुझी गाडी चुकायची. आता नांदेडहून हिशोब मागतेस होय?

हे पत्र टाकायचं नाही असं ठरवून तासभर तसंच ठेवलं.

ट्यूब कपाटावरच्या डब्यात आहे. सील फोडलेलं नाही.

—

रविवार, २३ फेब्रुवारी

वंदना,

मागचं पत्र मी टाकलं, आणि टाकल्यावर पोस्टातल्या बाईला विचारलं की परत मिळेल का. ती नाही म्हणाली. तेव्हा तुला आता माहीत आहे. बाकीचंही लिहिते.

आधी त्याचं सांगते. गुरुवारी ऑपरेशन झालं. जखम इतकी खोल गेली होती की डोळा फुटायची भीती होती. डॉक्टर आदित्य आणि त्यांच्या मोठ्या डॉक्टरीणबाई, दोघांनी मिळून पापणीच्या आतल्या गुलाबी पडद्याचा तुकडा कापला आणि बुबुळावरच्या जखमेवर ठिगळ शिवलं. डोळा राहिला आहे. नजर फारशी राहणार नाही, उजेड-सावली कळेल म्हणाल्या. उजवा डोळा चांगला आहे. ऑपरेशननंतर परत दोन दिवस तसलंच दुखण्याचं औषध द्यावं लागलं, परत बाहुली खसखशीएवढी झाली. या वेळी उजव्या डोळ्यात मी चार-चार तासांनी जेल घातलं. तुझ्या ट्यूबमधलं. अर्धी संपली.

डॉक्टरांना मी खरं सांगितलं. ऑपरेशनच्या आधी, कागदावर सही करताना. म्हटलं, डॉक्टर, दुसरं कारण शोधू नका, मी जेल घातलंच नव्हतं, एकदाही नाही. त्यांनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं ओरडतील. तरुण माणूस, माझ्या निम्म्या वयाचा. ते म्हणाले, "सिस्टर, विसरलात का?" त्यांनी मला वाट करून दिली होती बघ. हो म्हटलं असतं तर संपलं असतं. मी म्हटलं, विसरले नाही.

विसरले नाही, वंदना. रोज ती ट्यूब दिसत होती. त्या पहिल्या शुक्रवारी घरी आणल्यावर सगळी औषधं मी टेबलावर मांडली, आणि ती एक तेवढी डब्यात टाकून वर ठेवली. हातात धरली की मला डॉक्टरांचा आवाज ऐकू यायचा, वंदना मॅडमनी आठवण दिली. मनात म्हणायचे, डोळे मला चांगले दिसताहेत, लाल नाहीत, काही नाही, तिला उगं मिरवायचं आहे. आमच्या आयसीयूत बेशुद्ध माणूस आला की पहिलं काम कुठलं, ठाऊक आहे? डोळ्यांत मलम घालायचं आणि पापण्या मिटवून टेप लावायची. ती माणसं पापणी मिटू शकत नाहीत, डोळे कोरडे पडतात. एकवीस वर्षांत हजारदा केलं असेल. नवीन पोरींना मीच शिकवते. शिवानी नावाची एक नवी मुलगी आहे, तिने एकदा मलम चुकवलं तर मी तिला सगळ्या वॉर्डासमोर रडवलं होतं.

मला कळत नव्हतं असं नाही. मला तुझं ऐकायचं नव्हतं.

आणखी एक आहे. तो दाराकडे बघायचा ना. चौथ्या दिवशी मी त्याच्या समोर बसून म्हटलं, ती येणार नाही. म्हटलं, तुला मी आणलं, मी खायला घातलं, तुझी घाण मी काढली, आणि बघतोस कुणाकडे? नशेतल्या जनावरावर मी ओरडले. रझिया आपा धावत आली. "क्या हुआ बाजी, किस पे चिल्ला रै?" मी म्हटलं, फोनवर बोलत होते.

मायची गोष्ट तुला कधी बोलले नाही. तू शेवटच्या आठवड्यात आलीस. त्याआधी आठ महिने मी ड्यूटी करून तिचं सगळं केलं, अंगावरची पट्टी बदलली, पाठीला जखम होऊ दिली नाही. ती नीट बघायचीही नाही माझ्याकडे, औषधाच्या गुंगीत असायची. आणि त्या दुपारी मी आत तिची पेज गाळत होते, तू बॅग घेऊन दारातून आलीस, आणि तिचा आवाज आला. स्वच्छ. "आली का गं माझी लेक." इतका गोड आवाज मी आठ महिन्यांत ऐकला नव्हता. मी चाळणी हातात धरून तिथेच उभी राहिले. संध्याकाळपर्यंत बाहेर आलेच नाही. तू पुढे तिच्याजवळ बसलीस आणि मी पुन्हा कामाला लागले.

तेव्हापासून मी तुझ्याकडून काही ना काही वसूल करते आहे. तुझा नवरा वारला, तू माझ्याकडे आलीस, चार वर्षं मी तुला खाऊ घातलं आणि प्रत्येक घास मोजला. तू अमरदीपरावांशी लग्न ठरवलंस तेव्हा मला आनंद झाला नाही. त्रेचाळिसाव्या वर्षी हिला परत माणूस मिळतो, मला एकदाही नाही. म्हणून लग्नाला आले नाही. ड्यूटी नव्हती त्या दिवशी. घरी होते, मुन्शीला आंघोळ घालत होते.

आता तू ये आणि त्याला घेऊन जा. रागाने म्हणत नाही. लायसन्स बदलायचा अर्ज भरून ठेवला आहे. ज्याच्या डोळ्यात औषध घालायला माझा हात आडवा आला, त्याच्यावर माझा हक्क कसला.

टाके निघेपर्यंत मात्र मी करते. ते मला करू दे.

आक्का

—

गौलीगुडा
रविवार, १६ मार्च

प्रिय वंदना,

सप्रेम जय भीम. अमरदीपरावांनाही सांग.

तू फोन सुरू केलास, रोज संध्याकाळी बोलतो आपण, तरी हे पत्र लिहितेय. फोनवर मी खोटं बोलते. तू विचारतेस, "आक्का, बरी आहेस ना?" आणि मी म्हणते, मस्त. कागदावर तसं जमत नाही मला, हे या फेब्रुवारीत कळलं.

तू आलीस त्या शनिवारी मी सकाळपासून घर आवरत होते, आणि मनात एकच होतं. तो कुणाकडे जाईल? टाके निघालेले, डावा डोळा दुधाळ, एक पाय नाही, आणि मला त्याची परीक्षा घ्यायची होती! तू जिन्यात असतानाच त्याला वास लागला. तो तीन पायांवर घसरत, टोपली दाराच्या चौकटीला आपटत तुझ्याकडे गेला, आणि तू खाली फरशीवर बसून त्याचं तोंड धरून रडलीस, ते मी स्वयंपाकघराच्या दारातून बघितलं. पुन्हा स्वयंपाकघराच्या दारातून. हेवा वाटला. इतकं सगळं कबूल करूनही वाटला. स्वतःलाच म्हटलं, जयवंता, तू सुधारणार नाहीस.

मी शिव्या खायची तयारी केली होती. तू नुसतं त्याला आडवं केलंस, दोन्ही डोळ्यांच्या पापण्या वर करून बघितल्यास आणि विचारलंस, "आता जेल किती वाजता आहे?" मी म्हटलं, बाराला. तू म्हणालीस, "मग तू घाल, मी बघते कसं घालतेस." बारा वाजता मी घातलं. एक थेंब नाकावर पडला, तो त्याने चाटून टाकला.

जेवताना तू जे सांगितलंस ते मला अजून पचलेलं नाही. मी पुन्हा लिहून काढते, म्हणजे कळेल की मी नीट ऐकलं की नाही.

तू म्हणालीस, "आक्का, मायने मला ओळखलं नव्हतं गं त्या दिवशी."

मी म्हटलं, मी कानांनी ऐकलंय.

"माझी लेक म्हणाली ते तू ऐकलंस. पुढे तू आतच राहिलीस. मी जवळ बसले तर हात धरून हळू आवाजात म्हणाली, जयू, आज लवकर सुटलीस का ड्यूटीवरून? पाय दुखत असतील, बस. औषधाने बाहुल्या बारीक झाल्या होत्या तिच्या, दारातलं माणूस तिला कसं दिसणार? तिला वाटलं, तू आलीस. दुपारभर मला जयूच म्हणत होती. मी एकदा म्हटलं, माय, मी वंदना. तर म्हणाली, वंदी कुठं येते बाई एवढ्या लांब."

मी घास खाली ठेवला. तुला विचारलं, मग अकरा वर्षं सांगितलं कामून नाहीस?

तू ताटात बघत म्हणालीस, "कसं सांगू? मला राग आला होता. बॅग तशीच टाकून मी धावत आले होते, आणि ती तुझ्याच नावाने माझा हात कुरवाळत होती. संध्याकाळी तू बाहेर आलीस तेव्हा तुझा चेहरा पाहिला. मला कळलं तुला काय वाटतंय. मला बरं वाटलं, आक्का. तुला तसं वाटू दे, असंच वाटलं मला."

मग तू उठून ताट घासायला घेतलंस आणि मी मुन्शीला खाली घेऊन गेले. गल्लीत कांद्याची गाडी उभी होती, तो तिला घाबरला नाही. मी मात्र ओट्यावर बसून राहिले. मायच्या आवाजावर मी इतकी वर्षं कुढले, आणि तो आवाज माझाच होता. तुझा राग यायला हवा होता. आला पण. संध्याकाळपर्यंत टिकला, मग तू चहात आलं जास्त टाकलंस, जसं मला आवडतं, आणि तो कुठे गेला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी अमरदीपराव गाडी घेऊन आले. त्यांनी मागच्या सीटवर रजई अंथरली होती आणि गाडी उभी करून स्वतः वर येऊन मुन्शीला उचललं. मला "मोठ्या बाई" म्हणाले. चांगला माणूस आहे. हे लिहायला मला तीन महिने लागले. मी त्यांच्या हातात चार्ट दिला, ते मास्तर आहेत, त्यांनी उभ्याउभ्या सगळा वाचला आणि एक चूक काढली, गुरुवार दोनदा लिहिला होता.

गाडी वळल्यावर रझिया आपा माझ्याजवळ उभी राहिली. मला वाटलं काहीतरी बोलून मला रडवणार. ती म्हणाली, "चलो बाजी, मेरेकू शुगर की सुई लगाके देव, बहू से नै होता." मी वर गेले, हात धुतले आणि तिला इंजेक्शन दिलं. आता रोज देते.

वॉर्डात शिवानीची मी माफी मागितली. ती घाबरली, तिला वाटलं मी राजीनामा देतेय.

आता कामाचं. डॉक्टर आदित्य म्हणतात, डाव्या डोळ्याला जेल जन्मभर लागेल, आता कुठलंही दुखण्याचं औषध चालू नसलं तरी. उजव्या डोळ्यातले अश्रू महिन्यातून एकदा मोजून घे. पुढे कधी त्याला दुखलं आणि कुणी तसलं औषध दिलं, तर बाहुली बारीक होईल, घाबरायचं नाही, श्वास मोजायचे. आणि पहिल्या तासापासून जेल. नांदेडच्या डॉक्टरला हे तूच सांग, मी सांगितलं असं म्हणू नकोस, त्याला कुणी बाहेरून शिकवलेलं आवडणार नाही.

काल फोनवर तू म्हणालीस की तो आता अमरदीपरावांच्या पायाशी झोपतो. मी म्हटलं, अरे वा. खरं म्हणजे फोन ठेवल्यावर मी घरभर दोन फेऱ्या मारल्या. तरी सांगत जा. काय खाल्लं, कुणाजवळ झोपला, सगळं. न सांगितलंस तर मी मनाने रचते, आणि ते जास्त वाईट असतं.

बाबासाहेबांच्या जयंतीला मला तीन दिवस सुट्टी आहे. तेराला दुपारच्या गाडीने निघते, संध्याकाळी पोचेन. मी दारात आल्यावर मुन्शी आधी कुणाकडे जातो ते बघायचं नाही, असं मी ठरवलं आहे. पण मी बघणार. मला मी माहीत आहे. तेव्हा एक कर, मी आले की तेवढा वेळ तू आत चहा ठेवायला जा.

तुझी
आक्का